शंभर टक्के पास, पिंग मात्र नापास

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचं आहे. ट्रेक, सिनेमा, खादाडी हे सगळं पुढच्या शनिवारी. आजचा विषय म्हणजे नेटवर्किंगचे क्लासेस आणि त्यांच्या पाटीवरचं ते सीसीएनए नावाचं प्रमाणपत्र. रटाळ वाटत असेल तर खुशाल उठून चहा करायला जा, राग नाही. पण तुमच्या घरात, सोसायटीत किंवा गावाकडे कोणी नुकतंच इंजिनिअर झालेलं पोरगं 'पुण्यात जाऊन कुठला तरी कोर्स करतो' म्हणत असेल, तर चहा घेऊन परत या. हे तुमच्यासाठीच लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सीसीएनए ही परीक्षा चांगली आहे. तिच्याभोवती जो 'पास गॅरंटी'चा धंदा उभा राहिलाय तो चोरीचा आहे. आणि ही चोरी सिस्कोच्या घरी होत नाही, त्यांची फी त्यांना मिळतेच. चोरी होते ती अशा पोराची, ज्याच्याकडे दाखवायला मोठ्या कॉलेजचं नाव नाही, फाडफाड इंग्रजी नाही आणि कंपनीत कोणी काकाही नाही.

आता सविस्तर.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. राउटर आणि स्विच बनवणारी सिस्को १९९८ पासून ही नवशिक्यांची परीक्षा घेते. मध्ये २००७ ते २०२० अशी काही वर्षं तिच्याही खाली सीसीईएनटी नावाची एक छोटी पायरी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पायरी काढून टाकली, सीसीएनएच्या बहुतेक वेगवेगळ्या शाखा एकत्र केल्या आणि २००-३०१ क्रमांकाची एकच परीक्षा ठेवली. दोन तासांचा पेपर. फी ३०० डॉलर, म्हणजे कर धरून तीस हजार रुपयांच्या आसपास. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. अभ्यासक्रम सिस्कोच्या साइटवर कोणालाही वाचता येतो : नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विच, व्हीलॅन आणि वायरलेस २० टक्के, राउटिंग २५ टक्के, डीएचसीपी-नॅटसारख्या सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के.

ही यादी नीट बघा. यात कॉलेज कुठलं हा प्रश्न नाही. दहावी-बारावीला किती, मध्ये एक वर्ष गॅप का पडली, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' वगैरे काही नाही. परीक्षा केंद्रातला संगणक मुंबईच्या मोठ्या कॉलेजातल्या मुलीला आणि तालुक्याच्या खाजगी कॉलेजातल्या मुलाला एकाच पट्टीने मोजतो. आपल्याकडे कॅम्पसला मोठ्या कंपन्या मोजक्याच कॉलेजांत जातात आणि बाकीच्यांच्या नशिबी 'ऑफ कॅम्पस' नावाचा वनवास येतो, हे आपण सगळे जाणतो. अशा बाजारात ही परीक्षा म्हणजे मागच्यांसाठी ठेवलेला एक सरळ दरवाजा होता.

होता, असं म्हणतोय. कारण तो दरवाजा आपणच खिळखिळा केला.

'डंप' हा शब्द ऐकला असेलच. परीक्षा देऊन आलेले लोक प्रश्न आठवून बाहेर सांगतात, कोणीतरी ते उत्तरांसकट गोळा करतो आणि पीडीएफ करून विकतो. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही असा करार मान्य करावा लागतो, आणि तो मोडला तर सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते. पण आपल्याकडे ते शंभर पानी 'अटी व नियम' वाचतो कोण! क्लासच्या शेवटच्या आठवड्यात 'वर्कबुक' या सोज्वळ नावाने ती पीडीएफ वाटली जाते. पाटीवरच्या 'पास गॅरंटी'चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. शिकवण्याची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, पेपर फोडला असेल तर पास होण्याची देता येते.

माझा एक मावसभाऊ बार्शीचा. ईएनटीसी करून वर्षभर घरी बसला होता. गेल्या वर्षी तो पुण्यात आला आणि त्याच्याबरोबर मी अशा एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. काउन्सेलर मॅडमनी फी सांगितली पंच्याऐंशी हजार, परीक्षेची वेगळी. 'हंड्रेड पर्सेंट जॉब असिस्टन्स सर!' मी विचारलं, असिस्टन्स म्हणजे नोकरी लागली नाही तर पैसे परत का? त्या हसल्या. मग लॅब दाखवली. एक रॅक, त्यात दोन-तीन जुने राउटर, आणि समोर पंधरा-सोळा पोरं. सर टाइप करत होते आणि पोरं मोबाइलवर स्क्रीनचे फोटो काढत होती. कीबोर्डला हात लागायचा नंबर आठवड्यातून एकदा, तोही अर्धा तास. हे सर स्वतः आधीच्याच बॅचचे विद्यार्थी होते असं नंतर कळलं. म्हणजे प्लेसमेंट झाली म्हणायची! :-)

आणि शेवटी मॅडम म्हणाल्या, हप्त्याने फी भरणार असाल तर ओरिजिनल मार्कशीट आमच्याकडे ठेवावी लागेल.

त्या पोराच्या बापाने ते पंच्याऐंशी हजार सोयाबीनच्या पैशातून आणि उरलेले उसनवारीतून आणायचे ठरवले होते. हे ऐकून चिडायचं नाही तर कशावर चिडायचं?

बरं, पैसे जाऊ देत. निदान शिकवतात काय? पहिला आठवडा ओएसआयचे सात थर पाठ करण्यात जातो. हे मॉडेल १९८४ चं. थर शिकवायला हरकत नाही. नेटवर्क बंद पडलं की केबलपासून सुरुवात करून एकेक थर वर चढत दोष शोधायचा, यासाठी ते मस्त हत्यार आहे. पण ते तसं शिकवतच नाहीत. सात नावं क्रमाने म्हणून दाखवली की झालं. मग येतात आयपी पत्त्यांचे क्लास ए, क्लास बी, क्लास सी. पत्त्यांची ही वर्णव्यवस्था १९९३ मध्ये सीआयडीआर आल्यावर मोडीत निघाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. इतिहास म्हणून सांगा ना. पण अजूनही 'हा पत्ता क्लास सीचा, म्हणून मास्क अमुक' असं घोकून घेतात आणि पोरं तेच धरून इंटरव्ह्यूला येतात. त्यानंतर सबनेटिंग, म्हणजे बोटांवर मोजायची एक ट्रिक आणि एक तक्ता. का, कशासाठी, याचा पत्ता नाही.

कशासाठी ते मी सांगतो. २४ फेब्रुवारी २००८ ला जगातल्या बऱ्याच भागात यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडलं होतं. पाकिस्तान सरकारला आपल्या देशात यूट्यूब अडवायचं होतं. यूट्यूबने जगाला सांगितलेला पत्ता होता २०८.६५.१५२.०/२२, म्हणजे १०२४ पत्त्यांचा एक गठ्ठा. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच २५६ पत्त्यांचा एक तुकडा, २०८.६५.१५३.०/२४, आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. ही घोषणा देशातच राहायला हवी होती, ती बाहेर सुटली. राउटरचा नियम साधा आहे : दोन पाट्या असतील तर जास्त नेमकी पाटी धरायची. एका पाटीवर 'पुणे' आणि दुसरीवर 'सदाशिव पेठ' लिहिलं असेल, तर सदाशिव पेठेला जाणारा माणूस दुसरीच पाटी धरणार, मग ती कोणीही लावलेली असो. जगभरच्या राउटरांनी तेच केलं आणि यूट्यूबकडे जाणारे लोक पाकिस्तानच्या दिशेने वळले. यूट्यूबने काय केलं? आधी तोच /२४ स्वतः जाहीर केला, मग त्याचे दोन /२५ तुकडे करून तेही जाहीर केले. आणखी नेमकी पाटी!

हे आहे सबनेटिंग. /२२, /२४, /२५. बोटांवर मोजायच्या तक्त्यातलीच गणितं. एका तासात ही गोष्ट सांगितली तर पोरगं जन्मात विसरणार नाही. पण गोष्ट सांगायला सरांना ती माहीत असावी लागते.

दुसरं उदाहरण घ्या. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्या सगळ्यांचं व्हॉट्सॲप बंद पडलं होतं, आठवतंय? फेसबुक, इन्स्टाग्राम, सगळंच साधारण सहा तास गायब. बाहेरून बघणाऱ्याला दिसत होतं की डीएनएस उत्तर देत नाही, म्हणजे नावावरून पत्ताच सापडत नाही. डंपवाला उत्तर देऊन मोकळा झाला असता : 'डीएनएस डाउन'. पण मूळ दुखणं खाली होतं. नेहमीच्या देखभालीतली एक आज्ञा चुकीची गेली आणि कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच तुटला. डीएनएस सर्व्हरना आतली डेटा सेंटरं दिसेनात, म्हणून ठरलेल्या नियमाप्रमाणे त्यांनी आपला पत्ता बीजीपीवरून स्वतःच मागे घेतला. लक्षण एका थरावर, रोग दुसऱ्याच थरावर. नेटवर्क इंजिनिअरचं अख्खं आयुष्य यातच जातं. आणि नेमकी हीच गोष्ट चार पर्यायांतून एक निवडून शिकता येत नाही.

गेली दोन वर्षं आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू मी घेतो. माझा एक ठरलेला प्रश्न आहे. एकाच स्विचला दोन संगणक जोडलेत. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१०, मास्क /२४. दुसऱ्याचा १९२.१६८.१.२००, मास्क /२५. गेटवे कुठेच लिहिलेला नाही. पहिल्यावरून दुसऱ्याला पिंग होईल का? उत्तर अवघड नाही. पहिल्याच्या लेखी दुसरा घरातलाच आहे, पण दुसऱ्याच्या लेखी पहिला परगावचा. परगावी पत्र पोचवणारा पोस्टमन, म्हणजे गेटवे, दुसऱ्याकडे नाहीच. त्यामुळे उत्तर परत यायची वाट बंद. पिंग फेल. कागद-पेन घेऊन दहा मिनिटं बसलं तर कोणालाही सुटावं. प्रमाणपत्र असलेल्या पोरांपैकी कितीतरी जण कागदाला हातही लावत नाहीत. 'सर, ऑप्शन्स काय आहेत?' असं एकाने खरंच विचारलं होतं.

हसू नका. त्या पोराचा राग येत नाही मला. त्याला कोणीतरी ऐंशी-नव्वद हजार घेऊन सांगितलं होतं की एवढं पुरेसं आहे.

आता यातून पुढे काय होतं ते बघा. अशी दहा पोरं बघितल्यावर इंटरव्ह्यू घेणारा म्हणतो, या कागदाला काही अर्थ नाही. मग कंपनी म्हणते, प्रमाणपत्र तर हवंच, शिवाय एक वर्षाचा अनुभवही हवा. अनुभव आणायचा कुठून? मग त्याच क्लासच्या मागच्या खोलीत 'एक्सपीरियन्स लेटर' मिळू लागतं, तेही पैसे मोजून. ते पार्श्वभूमी तपासणीत सापडलं की नोकरी जाते, आणि त्यावेळी क्लास फोन उचलत नाही. हे सगळं बघून एचआर शेवटी म्हणतं, डोक्याला ताप नको, ठरावीक कॉलेजांतलीच मुलं घेऊ. झालं? फिरून फिरून भोपळे चौकात! कॉलेजच्या नावावरून मोजू नये म्हणून जो दरवाजा होता, तो बंद होऊन पुन्हा कॉलेजच्या नावावर मोजणं सुरू. मोठ्या कॉलेजच्या मुलाचं यात काही बिघडत नाही. बार्शीच्या, नंदुरबारच्या, हिंगोलीच्या ज्या पोराने खरोखर रात्र रात्र बसून अभ्यास केला, त्याचं प्रमाणपत्र मात्र फुटक्या कवडीचं ठरतं. मी चोरी म्हणतो ती ही.

आणि कंपन्याही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. सिस्कोच्या भागीदार कंपन्यांना वरचा दर्जा हवा असेल तर प्रमाणपत्रवाली माणसं पगारावर दाखवावी लागतात. टेंडर भरतानाही इतके प्रमाणित इंजिनिअर हवेत अशा अटी असतात. म्हणजे कागदाची गरज कंपनीलाही आहे, फक्त त्याचा खर्च नोकरी नसलेल्या पोराने करायचा. वर रुजू झाल्यावर त्याला एनओसीच्या रात्रपाळीत बसवायचं, पडद्यावर लाल दिवा लागला की तिकीट उघडायचं आणि पुढच्या पातळीला पाठवायचं. राउटरला हात लावायची परवानगी नाही. तीन वर्षांनी प्रमाणपत्र संपतं, तेव्हा हा तिथेच, त्याच खुर्चीत असतो, आणि नूतनीकरणासाठी परत डंप शोधतो. तुम्हाला कागद हवाय ना, मग तुम्ही भरा की तीस हजार. आधी माणूस घ्या, सहा महिने शिकू द्या, मग कंपनीच्या खर्चाने परीक्षेला बसवा.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं. 'तुझं ठीक आहे रे, तू नोकरीला लागलास. आम्हाला कागदाशिवाय कोणी दारात उभं करत नाही. डंप वापरला तर काय बिघडलं, आत गेल्यावर शिकू.' यातलं अर्धं खरं आहे. कागदाशिवाय रिझ्युमे पुढे सरकत नाही, हे मीही रोज बघतो. म्हणूनच परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही. पण 'आत गेल्यावर शिकू' हे होत नाही. डंपवाला आत गेलाच, तर पहिले काही महिने आपल्याला काही येत नाही हे लपवण्यात जातात. ज्याला प्रश्न विचारायची भीती वाटते तो शिकणार कसा?

मग करायचं काय? पंच्याऐंशी हजार तर नक्कीच भरायचे नाहीत. सिस्कोच्याच नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो. त्यात पाहिजे तितके राउटर आणि स्विच ओढून आणा, नंबर यायची वाट बघावी लागत नाही. वायरशार्कही फुकट आहे, तो लावून आपल्याच संगणकावरून काय येतं-जातं ते वाचा. आणि मुख्य म्हणजे चालू असलेली गोष्ट मुद्दाम मोडा. दोन राउटरांमध्ये ओएसपीएफ सुरू करा, मग एकाची हॅलोची वेळ बदला आणि ते शेजारी का राहिले नाहीत ते शोधा. ट्रंकच्या दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन वेगळी द्या. स्पॅनिंग ट्री बंद करून दोन स्विच दोन केबलींनी जोडा आणि ब्रॉडकास्टचं वादळ बघा. (हे पॅकेट ट्रेसरमध्येच करा, हापिसात नको!) काय मोडलं, काय दिसलं, कारण काय निघालं, हे एका वहीत लिहा. मावसभाऊ सध्या हेच करतोय. मार्कशीट त्याच्याच पेटीत आहे, रात्री साडेअकराला मला 'दादा, पिंग जातंय पण परत येत नाही' असे मेसेज येतात, आणि मी उत्तर देत नाही. 'राउटिंग टेबल वाच' एवढंच म्हणतो. परीक्षेला तो तयार झाल्यावर बसेल.

क्लास लावायचाच असेल तर लावा, चांगले शिकवणारेही आहेत. फक्त पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. मला एकट्याला आठवड्याला किती तास कीबोर्ड मिळणार? शिकवणाऱ्याने खऱ्या नेटवर्कवर किती वर्षं काम केलंय? नोकरीची जी हमी देताय ती लेखी देणार का? आणि माझी मूळ कागदपत्रं तुम्हाला कशाला हवीत? शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त हसू आलं, तर जिना उतरा.

आणि आपण, जे आत बसलोय, त्यांचंही काम आहे. सोमवारी कोणा फ्रेशरचा इंटरव्ह्यू घेणार असाल तर रिझ्युमेवरचं कॉलेज झाकून ठेवा, प्रमाणपत्राचा लोगोही झाका. एक बिघडलेलं छोटं नेटवर्क कागदावर काढून द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. त्याला खोडू द्या, परत काढू द्या. उत्तर चुकलं तरी तो कुठून सुरुवात करतो ते बघा. ज्याने वही भरली आहे तो त्या दहा मिनिटांत ओळखू येतो, मग तो बार्शीचा असो की बाणेरचा. तेवढी दहा मिनिटंही आपण देणार नसू, तर पास गॅरंटीवाल्यांना शिव्या द्यायचा आपल्याला काही अधिकार नाही.

असो. बरंच भांडून झालं. पुढच्या शनिवारी खादाडी, नक्की.

ता. क. : 'लेटेस्ट डंप आहे का' असं मला व्हॉट्सॲपवर विचारणाऱ्या मित्रमंडळींना कळावे की नाहीये. वही हवी असेल तर पाठवतो, कोरी.